न केलेल्या प्रवासाचा विमा

३ मार्च

बारके,

वर ‘प्रिय’ लिहायचं राहून गेलेलं नाही. मुद्दामच लिहिलं नाही. तब्येतीची चौकशीही करत नाही. काम पडलंय म्हणून लिहितेय. तुझा फोन नंबर माझ्याकडे नाही, आईकडेही नाही असं ती म्हणते. हा पत्ता बाबा गेले तेव्हा तू पाठवलेल्या पाकिटावरचा आहे. ते पाकीट मी तेव्हा उघडलं नव्हतं, अजूनही उघडलेलं नाही.

जानेवारीत आई आणि मी एका टूरबरोबर परदेशी जाणार होतो. उभा जन्म हॉस्पिटलच्या लाँड्रीत लोकांच्या चादरींवरचे डाग बघण्यात गेला, म्हटलं आता जरा डोंगर बघू. पैसे भरले, व्हिसा झाला, दोघींचा प्रवासी विमा काढला. आणि निघायच्या आदल्या दिवशी आईचा गुडघा धरला. ‘तू जा गं, मी राहते इथे,’ म्हणाली. माझे पैसे परत मिळणार नव्हते, आणि पैसे भरलेली गोष्ट सोडून देणं आपल्या घरात कोणाला जमलंय? शेजारच्या मास्तरीणबाईंना आईवर लक्ष ठेवायला सांगितलं आणि गेले. टूरबद्दल विचारू नकोस. बसमध्ये माझ्या शेजारचे गृहस्थ पायमोजे काढून खिडकीत वाळत घालायचे. डोंगर मी त्या मोज्यांच्या फटीतून पाहिले.

परत आल्यावर आईच्या टूरचे अर्धेमुर्धे पैसे मिळाले. राहिला विमा. रक्कम सांगितली तर हसशील, चपलेचा एक बरा जोड येईल एवढी. पण पॉलिसीवर छापलंय की प्रवास केलाच नाही तर हप्ता परत मिळेल. छापलंय तर द्या ना! फोन लावला की एक बाई साखर पेरून सांगते, तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि बासरी लावून पळून जाते. शेवटी ऑफिसात गेले. प्लास्टिकच्या झाडांवर बोटभर धूळ, पाण्याचा पेला साखळीने बांधलेला, आणि काउंटरवरचा माणूस काडीने कान कोरून तीच काडी माझ्या फाइलीत खूण म्हणून घालतो. या डोळ्यांनी पाहिलं मी. घरी येऊन कोपरापर्यंत हात धुतले. वर त्याला आईच्या पासपोर्टच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स हव्यात, कोऱ्या पानांच्यासुद्धा, म्हणजे ती कुठे गेली नाही हे कळेल. आणि पासपोर्ट नेमका आत्ताच आईला सापडत नाहीये.

तो सापडायच्या आत कंपनीचं पत्र आलं. हप्ता परत देता येत नाही, कारण या पॉलिसीवर दाव्याचे पैसे आधीच दिलेत. कसला दावा? तर तुटलेल्या दाढेवर तातडीचे उपचार आणि कॅप. कुठे? सीमेपलीकडे, तुझ्या गावात, एका दातांच्या दवाखान्यात, मी टूरला होते त्याच आठवड्यात. मी म्हटलं, अहो, आमची टूर भलत्याच देशाची होती. तर काडीवाला म्हणतो, ‘विमा तारखांचा असतो बाई, गावाचा नसतो.’

म्हणजे आमची आई इथे गुडघा शेकत पडलेली, आणि तिकडे कोणी बया तिच्या नावावर दाढ बसवून मोकळी! मला शिसारी आली. म्हाताऱ्या बाईचं नाव वापरायला लाज नाही वाटत? दवाखान्याचं नाव खाली लिहिलंय. तिथे जा, ही कोण भवानी आहे ते बघ, आणि मला कळव.

तू काही करणं लागतेस म्हणून सांगत नाहीये. बाबांच्या शेवटच्या दिवसांत खोलीतल्या वासाने तुला मळमळतं म्हणून तू बॅग उचलून गेलीस. बाबांचं सगळं मी केलं. सगळं म्हणजे काय ते तुला कळायचं नाही, कारण ते कळायला तिथे थांबावं लागतं. जाताना दारात मी तुला म्हटलं होतं, आता या घरात पाऊल टाकायचं नाही, आणि आईने मान हलवली होती. या सहा वर्षांत तिने तुझं नाव काढलेलं नाही. ती माझ्या बाजूला होती आणि आहे. पण तिच्या नावावर कोणी चोरी करत असेल तर एवढं तरी करशील असं वाटतं.

ताई

१४ मार्च

बारके,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, अजून तसंच, ओळ सोडून वर पळणारं. ‘ताई, चोर वगैरे कोणी नाही. ते पैसे सोडून दे, तक्रार करू नकोस. आई कशी आहे?’ संपलं. कार्डाच्या पैशांत एवढंच बसलं वाटतं.

चोर कोणी नाही हे तुला कसं कळलं? गेलीस तरी का त्या दवाखान्यात? की तुझे त्या लोकांशी लागेबांधे आहेत? असतीलही, तुझा काय भरवसा. आणि आई कशी आहे हे विचारायचा हक्क तू कधीच गमावलास. आई उत्तम आहे. मी आहे ना.

तक्रार तर गेलीसुद्धा. लेखी दिली. भाषा जरा कडक झाली, पण अशा लोकांना हीच भाषा कळते. लिहिलंय की आमच्या आईने घराचा उंबरा ओलांडलेला नाही, हा उघड बनावट दावा आहे, आणि ज्या रिसेप्शनवरच्या बाईने कागदांवर शिक्का मारला तिला आधी धरा, असल्या चोऱ्या आतल्या माणसाशिवाय होत नाहीत. वाचून काडीवालासुद्धा ताठ बसला.

पण इथे सगळ्यांना झालंय काय, मला समजत नाही. मास्तरीणबाई येऊन म्हणतात, ‘जाऊ द्या हो, कशाला त्या क्षुल्लक पैशांच्या मागे लागता?’ या बाई रद्दीवाल्याचा तराजू तीनदा तपासतात! आणि आई! जी आई टूथपेस्टची ट्यूब कात्रीने उभी कापून आतलं निपटून घेते, साबणाचे तुकडे एकमेकांना चिकटवून नवी वडी करते, ती म्हणते, ‘जाऊ दे ना गं, किती ते पैसे!’ मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

ती दिवसेंदिवस गप्प होत चाललीये. बोलली तर तोंडावर हात ठेवून बोलते. वय झालं, दुसरं काय. डावीकडची दाढ गेल्या वर्षी अर्धी तुटली, दाखवू या म्हटलं तर ‘या वयात कशाला खर्च’ म्हणून बसून राहिली. तेव्हापासून मी तिला भाज्या गाळ शिजवून कुस्करून देते. पाव दुधात भिजवते. सकाळी लाँड्रीला जायच्या आधी आणि आल्यावर. सांगण्यासारखं नाही, पण तुला सांगते, म्हणजे आई कशी आहे या प्रश्नाचं उत्तर तुला मिळेल.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा तपासनीस घरी येणार आहे. दावा दाढेचा आहे ना? मग आईची दाढ बघून जा म्हटलं. तुटकी आहे तशीच आहे. एका मिनिटात निकाल लागेल, आणि तुझ्या त्या सोज्वळ दवाखान्याचं पितळ उघडं पडेल.

ताई

२२ मार्च

हाक मारायची इच्छा नाही, म्हणून तशीच सुरू करते.

तपासनीस काल आला. पन्नाशीचा, सभ्य माणूस, खिशात पेनाशेजारी छोटी टॉर्च. मी आईला खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवलं होतं, उजेड बरा पडतो म्हणून. मास्तरीणबाईही आल्या होत्या, न बोलावता.

‘आजी, जरा आ करता का?’ तो म्हणाला.

आईने मान हलवली.

‘अगं, दाखव की त्यांना,’ मी म्हटलं. ‘डावीकडची तुटकी दाढ. दाखव, म्हणजे विषय संपेल.’

आईने ओठ असे मिटले की जणू मी औषधाचा चमचा पुढे केलाय. मास्तरीणबाईंना एकाएकी गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं आणि त्या पळाल्या. मला आईचा राग आला. परक्या माणसासमोर हा काय पोरकटपणा?

‘राहू द्या,’ तो म्हणाला. ‘आजींना त्रास नको. दवाखान्याकडून होईलच खुलासा. त्या रिसेप्शनवरच्या बाईंना आमचा अहवाल येईपर्यंत घरी बसवलंय. तुमच्या तक्रारीत त्यांच्यावरच बोट होतं ना. बहुतेक काढूनच टाकतील.’

‘बरं झालं,’ मी म्हटलं.

‘काय बरं झालं?’ आई म्हणाली. ‘तिने काय केलंय? का म्हणून बसेल ती घरी?’

‘कोण ती, आई?’

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. चष्मा काढून मांडीवर ठेवला, मान मागे टाकली आणि आ केला. आपणहून. एवढा मोठा की पडजीभ दिसली. तपासनिसाने टॉर्च मारली, आणि डावीकडे, मागे, कॅप. पांढरीशुभ्र, नवीकोरी. तो वाकून बघत होता, मी वाकून बघत होते, आणि आई छताकडे बघत तोंड उघडं ठेवून बसली होती, आमचं बघून होईपर्यंत. मिटेचना.

तूच ना ती रिसेप्शनवरची? आईने नंतर सांगितलं. आतल्या माणसाशिवाय चोरी होत नाही असं मीच लिहून दिलं होतं. वा!

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दोन महिने मी ज्या तोंडात कुस्करलेल्या भाज्या घालत होते, त्या तोंडाने अक्रोड फोडता आले असते. आणि ही बाई माझा तो गाळ मुकाट्याने गिळत होती, मला कळू नये म्हणून! मी तिचे केस विंचरते, नखं कापते, औषधं देते, आणि तिच्या तोंडात नवी दाढ आलेली मला दिसली नाही. का नाही दिसली, याचा मी रात्रभर विचार केला. मागची दाढ दिसायला माणसाला मोकळं हसावं लागतं. इथे ती तशी हसत नाही. तुझ्याकडे हसत असेल.

मग एकेक बाहेर आलं. मी दर वर्षी हॉस्पिटलच्या ट्रेनिंगला जाते तेव्हा ती तुझ्याकडे येते. पहिल्या वर्षापासून. पासपोर्ट मास्तरीणबाईंच्या कपाटात असतो. मी फोन केला की बाई सांगतात, ‘आई अंघोळीला गेल्यात,’ ‘आईंचा डोळा लागलाय.’ मी म्हणायचे, झोपू दे, उठवू नका. या वेळी टूर मोठी, म्हणून मुक्कामही मोठा. गुडघा ठणठणीत. तुझ्या इथे दाढ ठणकायला लागली आणि तू तिला आपल्या दवाखान्यात नेलंस.

एवढं सगळं व्यवस्थित लपवलं होतं. मग तो विमा कशाला वापरलात? मी विचारलं तिला. तर म्हणते, ‘तू पैसे भरले होतेस ना? वाया कशाला घालवायचे?’ पॉलिसीचा कागद पर्समध्ये घालून घेऊन गेली होती बरोबर! आणि तू शहाणी, तूही भरलास फॉर्म. आणि मी तिसरी, चपलेच्या जोडासाठी ऑफिसचे उंबरे झिजवणारी. आपण तिघी एकाच माळेचे मणी. कोणीही एकीने ते थोडेसे पैसे सोडून दिले असते तर कोणाला काही कळलं नसतं. मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

मला तुमची किळस येते. दोघींची. रोज संध्याकाळी ती माझ्यासमोर बसून मी दिवसभर काय केलं ते ऐकायची, हं हं करायची, आणि पोटात हे सगळं. बाबांची घाण मी काढली. वासाने पळाली ती तू. आणि सगळी माया कोणाला? तुला!

तपासनीस म्हणाला, आजींनी ऑफिसात येऊन जबाब द्यायचा आणि मी तक्रार मागे घेतल्याची सही करायची, तर तुझ्यावरचा ठपका जाईल आणि नोकरी वाचेल. एप्रिल लागायच्या आत. नाही तर अहवाल आहे तसा जाईल. मी सही केलेली नाही. करणारही नाही. बस घरी. घरी बसून बघ कसं असतं ते.

३० मार्च

बारके,

सही केली. आधी तेच सांगते, म्हणजे तुझा जीव टांगणीला राहायला नको. तुझ्या डॉक्टरांना कंपनीचं पत्र जाईल. गेलं नाही तर मला कळव, मी त्या काडीवाल्याचं ऑफिस डोक्यावर घेईन.

का केली ते विचारशील. आईने एका शब्दाने विनवलं नाही. विनवलं असतं तर मी हटून बसले असते, तिला ते पक्कं ठाऊक आहे. तिने फक्त लपवायचं सोडलं. दुसऱ्या दिवशी मी कुस्करलेल्या भाजीची ताटली पुढे ठेवली, तिने ती बाजूला सारली, एक अख्खं सफरचंद घेतलं आणि सालासकट खाल्लं. करकरून. आठवडाभर रोज सकाळी तो आवाज. मी लाँड्रीत सांगितलं, डोकं दुखतंय. काल म्हटलं, चल ऑफिसला. तिने केस विंचरून ठेवलेलेच होते.

काडीवाला तिला फॉर्ममधलं वाचून विचारत होता. नाव, वय, पत्ता. मग म्हणाला, ‘प्रवासाचं कारण? पर्यटन, कामकाज, नातेवाइकांची भेट?’

‘घरी गेले होते,’ आई म्हणाली.

‘घर तर इथलं लिहिलंय, आजी.’

‘ते हिचं घर,’ आई म्हणाली. रागाने नाही गं. पत्ता सांगावा तसं.

त्याने ‘नातेवाइकांची भेट’वर खूण केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी वाचला नाही. सही केली.

बस यायला वेळ होता. आम्ही थांब्यावरच्या बाकावर बसलो. बाकावर कोणीतरी काहीतरी चिकट सांडलेलं होतं, मी रुमाल पसरला आणि तिला त्यावर बसवलं. मग मला राहवलं नाही. म्हटलं, ‘तिकडे तुझं घर. मग इथे काय करतेस तू सहा वर्षं?’

‘तुझ्यासोबत राहते,’ ती म्हणाली. ‘तुझे बाबा गेल्यावर तू एकटी पडली असतीस. बारकीचं काय, ती कुठेही गेली तरी माणसं गोळा करते. तुला कोण आहे?’

‘मग त्या दिवशी दारात मान कशाला हलवलीस?’

‘तेव्हा तू उभी राहू शकत नव्हतीस. कोणीतरी तुझ्या बाजूला हवं होतं ना?’

येणाऱ्याजाणाऱ्याला मी सांगत आलेय की मी आईला सांभाळते. लाँड्रीतल्या बायकांसमोर उसासे टाकत आलेय. काय करणार बायांनो, म्हातारी आहे घरी, सुटका नाही. त्या बिचाऱ्या माझी शिफ्ट बदलून द्यायच्या. आणि म्हातारी माझ्या घरी कामावर होती. दर वर्षी थोडी रजा घेऊन घरी जाऊन यायची, तीही चोरून, मला वाईट वाटू नये म्हणून. बाकावर बसल्या बसल्या मला किळस आली. कशाची ते नीट सांगता येत नाही. तुझी नव्हे. हे इथे लिहून ठेवते, कारण पुन्हा म्हणणार नाही.

घरी न येता आम्ही तशाच तिकिटांच्या खिडकीवर गेलो. येत्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारच्या बसचं तिचं तुझ्या गावचं तिकीट काढलंय. खिडकीतल्या मुलीने विचारलं, परतीचं? मी म्हटलं, नको. आई माझ्या मागे उभी होती. माझी बाही ओढून कुजबुजली, ‘अगं, जातायेताचं एकदम काढलं तर स्वस्त पडतं.’

‘पडू दे महाग,’ मी म्हटलं.

तिने बाही सोडली. मग म्हणाली, ‘तुझं जेवणाचं काय?’ मला येतं जेवण करता. तिचं आजवर कोणी केलं? यायचं असेल तेव्हा तिने यावं. नसेल यायचं तर नको. मला सोबत लागते असं तिला वाटतं, ते एकदा बघू दे मला.

गुडघा खरोखरच दुखतो तिचा, थंडीत. नाटक होतं ते फक्त त्या दिवशीचं. तिची पिशवी जड आहे, उचलायला स्टँडवर तू स्वतः ये, कोणाला पाठवू नकोस. बस दुपारी लागते.

या पत्राच्या खाली माझा फोन नंबर लिहिलाय. तो बदललेला नाही, तुला कदाचित पाठही असेल. ती पोचली की फोन कर. पत्राने कळवू नकोस, पत्राला फार दिवस लागतात.

ताई